तळ्याला फाटक लागलं

त्या दिवशी फाटकाबाहेर सहा म्हशी उभ्या होत्या. मी मागच्या रांगेत, फाटकालगतच्या खुर्चीवर बसले होते, म्हणून मला त्या दिसल्या. मांडवात पुढं बसलेल्यांना दिसल्या नसाव्यात. 2 फेब्रुवारीची सकाळ, उन्हाला अजून धग नव्हती. रात्रीच्या दवानं मांडवाचं कापड ओलसर होतं आणि शिवाराकडनं काढणीला आलेल्या मसुरीचा सुका, किंचित तिखट वास येत होता. माझ्या माहेरच्या गावानं आपलं तळं पक्ष्यांसाठी राखायचं ठरवलं आणि त्या राखणीचा हा पहिला दिवस. नारळ फुटला, फीत कापली गेली, शाळेतल्या पोरींनी स्वागतगीत म्हटलं, आधी कन्नडमधनं आणि मग मराठीतनं. हिरवे टीशर्ट घातलेली गावातली पोरं खुर्च्या सरकवत, पाण्याचे पेले फिरवत धावपळ करत होती. त्यात माझा भाचाही होता. तेवढ्यात म्हशी आल्या, रोजच्या वेळी, रोजच्या वाटेनं. मागनं काठी टेकत आज्जी. भाचा पुढं झाला आणि हळू आवाजात म्हणाला, "आज्जी, आज म्हशी आत नको. पाहुणे आलेत." त्याच्या बोलण्यात उर्मटपणा अजिबात नव्हता, उलट तो थोडा ओशाळलाच होता. आज्जीनं मांडवाकडं बघितलं, फुलांच्या माळा लावलेल्या नव्या फाटकाकडं बघितलं, पुढच्या म्हशीच्या पाठीवर हात ठेवून तिला थांबवलं. "आज नको म्हणूलास, बरं," ती म्हणाली. "उद्या?"

भाच्याला उत्तर देता आलं नाही. तो तसाच उभा राहिला. मग झांजपथकानं एकदम ताल धरला, आणि तळ्याच्या काठच्या गवतात सकाळपासनं फिरत असलेले पांढरेशुभ्र गायबगळे भर्रकन उठले. एक गिरकी घेऊन ते मांडवावरनं आले आणि फाटकाबाहेर, म्हशींच्या पायांत उतरले. एक तर सरळ मधल्या म्हशीच्या पाठीवर जाऊन बसला. मी वळून बघत राहिले. पुढं माईकवरनं पक्षी वाचवण्याबद्दल जे बोललं जात होतं ते चांगलंच होतं, मनापासनं होतं, पण त्यातलं मला आता काहीही आठवत नाही.

"उद्या?" एवढंच आठवतं.

गावाचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. तळं लहान आहे, आणि फोटो काढायला शनिवार-रविवारी गाड्या भरून माणसं आली तर त्याला सोसायचं नाही. बेळगावच्या दक्षिणेला, खानापूरच्या दिशेनं, एवढं पुरे. तळ्याच्या बांधावर उभं राहिलं की स्वच्छ हवेत राजहंसगड दिसतो. वारा इकडचा असला तर देसूरकडनं गोव्याला जाणाऱ्या गाडीची शिट्टी ऐकू येते. पावसाळ्यात सगळं शिवार भाताचं, आणि भात कापल्यावर त्याच ओलीवर मसूर, वाटाणा. माळाच्या बाजूला रताळी. तळ्याचं पाणी कधी पिण्याला वापरलं नाही, पण बाकी सगळ्याला वापरलं. धुणं, म्हशी, बैलपोळ्याला बैल धुणं, गौरी आणायला तळ्याच्या काठी जाणं, अनंतचतुर्दशीला गणपती. उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की उघड्या पडलेल्या काळ्या गाळाच्या गाड्या भरून शेतात न्यायच्या. आमच्या वडलांचं म्हणणं असं, की तळ्याचा गाळ एकदा घातला की तीन वर्षं जमीन विसरत नाही.

त्या म्हशींच्या आधीच्या, त्यांच्याही आधीच्या म्हशींचं दूध पिऊन मी शाळा शिकले. आज्जीचं आणि आमचं नातं काही नाही, पण गावात नातं नसलेलं माणूस नसतं, त्यामुळं ती सगळ्यांचीच आज्जी. तेव्हा ती तरणी होती, आई तिला वैनी म्हणायची. दुपारी तीनच्या सुमाराला ती म्हशी पाण्यात घालायची आणि आम्ही पोरंपोरी त्यांच्या पाठीवर बसून तळ्याच्या मधोमध जायचो. म्हशीच्या ओल्या पाठीचा तो निसरडा, ऊबदार स्पर्श, तिच्या श्वासाचा फुर्र आवाज, पाण्याखालच्या शेवाळाचा वास... पाण्यात पाय सोडले की बोटांना मासे टोचायचे. आमच्या आसपास पक्षी असायचे, पण आम्ही त्यांच्याकडं बघायला म्हणून कधी बघितलं नाही. पांढरं दिसलं की बगळा, पोहणारं असलं की बदक, गवतात पळालं की पाणकोंबडी, आणि ओरडलं की टिटवी. चार शब्दांत आमचं सगळं तळं भागायचं. हळदीकुंकू बदक, अडई, चांदवा, कमळपक्षी, टिबुकली, शेकाट्या, तुतवार ही नावं मला चाळिशीनंतर पुस्तकातनं कळली. आणि ती कळल्यावर एक विचित्र हळहळ वाटली. ज्यांच्यात मी वाढले त्यांची नावं विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

टिटवीचं मात्र आम्हाला सगळं ठाऊक होतं. रात्री टिटवी ओरडली की थोरल्या बायका कानावर हात ठेवायच्या, कुणाच्या तरी घरी वाईट घडणार म्हणून. पण त्याच बायका उन्हाळ्याच्या शेवटी टिटवीची अंडी कुठं आहेत ते शोधायला आम्हाला पाठवायच्या. तिनं अंडी खाली, पाण्याच्या कडेला घातली असली की पाऊस बेताचा, बांधावर उंच घातली असली की तळं भरणार. अंडी म्हणजे चार खडेच. भुईवर, ना काडी ना पान, खड्यांत खडे ठेवलेले. पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून जीव काढायची, कधी एक पंख जमिनीवर ओढत लंगडल्यासारखं करून आम्हाला भलतीकडंच न्यायची. अंडी सापडली तरी हात लावायचा नाही, हे आज्जीनं शिकवलेलं. ती म्हशींना त्या जागेवरनं वळवून न्यायची. रोज. पिल्लं पळायला लागेपर्यंत म्हशींची वाट चार पावलं लांबनं जायची.

हे मला त्या दिवशी मांडवात बसल्या बसल्या आठवलं, आणि मग चैन पडेना.

भाच्याशी मी त्याबद्दल लगेच बोलले नाही. त्याचा तो दिवस होता. गेल्या काही वर्षांत त्यानं आणि त्याच्या मित्रांनी जे केलं आहे ते मी बघत आले आहे, आणि त्यातल्या कुठल्याही गोष्टीला कमी लेखणं मला जमणार नाही. 2019 च्या ऑगस्टमधला तो पाऊस आमच्या भागात कुणीच विसरलेलं नाही. त्या पुरात वरच्या अंगानं जे काही वाहून आलं ते सगळं तळ्यात येऊन थांबलं. त्याच्या आधीपासनंच तळं बिघडत चाललं होतं. रस्त्याकडच्या कडेला चिकनच्या दुकानांची पिसं आणि आतडी पोत्यातनं पडायची, दुसऱ्या कडेला भराव टाकून प्लॉट पाडायची तयारी चालली होती, मधे जलपर्णी. मासे धरायला तळ्याचा लिलाव व्हायचा आणि ज्यानं घेतलं असेल तो पाणकावळ्यांनी मासे खाऊ नयेत म्हणून दिवसभर फटाके उडवायचा. त्याचीही बाजू होती, त्यानं पैसे मोजलेले असायचे. पण त्या आवाजानं पाणकावळेच काय, सगळंच उडून जायचं. कधीतरी मी माहेरी गेले असताना संध्याकाळी बांधावर गेले तर तळ्यावर एकही पक्षी नव्हता. पाणी होतं, उजेड होता, आणि आवाज काहीच नाही. तसला सन्नाटा मी आधी ऐकला नव्हता.

पोरांनी सुरुवात जलपर्णीपासनं केली. रविवारी सकाळी कंबरभर पाण्यात उतरून ती ओढायची, काठावर टाकायची, वाळली की खतात घालायची. मग उद्योग खात्रीच्या, म्हणजे रोजगार हमीच्या, कामातनं गाळ काढून घेतला, आणि त्यातला काही मुद्दाम तळ्याच्या मधे टाकून एक लहानसं बेट केलं, त्यावर बाभळी लावल्या. कुत्र्यामांजरांना जाता येणार नाही अशी जागा पक्ष्यांना घरट्याला लागते, हे भाच्यानंच मला समजावून सांगितलं होतं. सगळ्यात अवघड काम ग्रामसभेतलं. लिलाव बंद करायचा म्हणजे पंचायतीचं उत्पन्न सोडायचं. तीन वेळा विषय आला आणि तीन वेळा मागं पडला. चौथ्या वेळी एका म्हाताऱ्यानं उठून सांगितलं, की तळ्यातला गाळ फुकट नेतो तेव्हा आपण कुणी हिशोब करत नाही, मग थोडं तळ्यालाही सोडूया. ठराव झाला. कन्नड बोलणाऱ्या आळीनं आणि मराठी बोलणाऱ्या आळीनं मिळून झाला, आणि आमच्या भागात हे लिहून ठेवावं असं आहे.

कुंपण घालायचं ठरलं ते यानंतर. त्याचीही कारणं खरीच होती. रात्री बाटल्या फुटायच्या. ट्रॅक्टर लावून माती चोरली जायची. मोकाट कुत्री काठावरची पिल्लं उचलायची. आणि गुरांच्या खुरांखाली टिटवीची अंडी जातात, हेही भाच्याच्या वहीत तारखेसह लिहिलेलं होतं. आज्जीच्या म्हशी वळून जायच्या, पण आता गावात सगळ्यांच्याच म्हशींमागं आज्जीसारखं माणूस नसतं. म्हणून तारा आल्या, खांब आले, फाटक आलं.

फाटकाशेजारी पक्ष्यांच्या चित्रांचा मोठा फलक आहे. त्यावर नावं कन्नड आणि इंग्रजीत आहेत. मराठीत नाहीत. त्याबद्दल मला काय वाटतं ते आमच्याकडच्या वाचकाला सांगायची गरज नाही, आणि बाहेरच्याला चार ओळींत सांगता येणार नाही. मी त्या फलकासमोर उभी होते तेव्हा माझ्या पुढं दोन मुली उभ्या होत्या, आठ-नऊ वर्षांच्या, एक कन्नड शाळेतली आणि एक मराठी शाळेतली, गणवेशावरनं कळत होतं. समोर विजेच्या तारेवर खंड्या बसला होता. एकीनं बोट दाखवलं, "मिंचुळ्ळी!" दुसरी म्हणाली, "खंड्या आहे तो." पहिली म्हणाली, "मिंचुळ्ळीच." मग दोघी गप्प होऊन बघत राहिल्या, कारण त्यानं पाण्यात सूर मारला होता. निळ्या रंगाची एक रेघ खाली आणि परत वर. कन्नडमधे मिंचु म्हणजे वीज, लखलख. इतकी वर्षं त्या भाषेच्या शेजारी राहून हा शब्द मी कधी असा ऐकलाच नव्हता, आणि ऐकला त्या क्षणी मला कबूल करावं लागलं की त्या पक्ष्याला ते नाव खंड्यापेक्षा जास्त शोभतं. तरी फलकावर खंड्या नाही हे टोचायचं थांबलं नाही. दोन्ही खरं आहे. घरी आल्यावर मी पुठ्ठ्याचे तुकडे कापले आणि जाड पेनानं एकेक मराठी नाव लिहायला घेतलं, शाळेला द्यायला. लिहिताना प्रत्येक नावाखाली कन्नड नाव लिहायचं ठरवलं. ती मला येत नाहीत, भाच्याला विचारून लिहिते आहे. अजून पुरी झालेली नाहीत.

पक्षी बघायला म्हणून मी पहिल्यांदा गेले ते धुपदाळला, शाळेच्या सहलीत. खरं तर सहल गोकाकच्या धबधब्याची होती आणि धुपदाळ वाटेत. घटप्रभेवर इंग्रजांच्या काळात बांधलेला तो लांबलचक बंधारा, त्याच्यामागं पसरलेलं उथळ पाणी आणि पाण्यातली झुडपांची बेटं. 1974 साली तिथं पक्षी अभयारण्य जाहीर झालं. आम्हाला तेव्हा अभयारण्य म्हणजे वाघ असतो असं वाटायचं, त्यामुळं उतरल्यावर थोडी निराशाच झाली. मग गुरुजींनी पलीकडच्या काठाकडं हात केला. राखाडी रंगाचा एक पट्टा दिसत होता, मला वाटलं दगड आहेत. तो पट्टा उठला. शेकडो पक्षी, लांब माना पुढं काढून, आणि वरनं येणारा तो आवाज, खर्जातला, घोगरा, एकानं म्हटलेलं दुसऱ्यानं उचलल्यासारखा. कांडे करकोचे. मंगोलियातनं, कझाकस्तानातनं निघून हिमालय ओलांडून येतात, हे गुरुजींनी सांगितलं तेव्हा आमच्यातला एकजण म्हणाला, एवढ्या लांबनं आपल्याकडं येण्यासारखं आहे काय? गुरुजी म्हणाले, हरभरा आणि शेंगा. सगळे हसले, पण ते खरंच होतं. करकोचे दिवसा काढणी झालेल्या शेतांत उतरून दाणे वेचतात, कधी न काढलेल्या शेतातही उतरतात, आणि मग शेतकरी डबे वाजवत पळतो. जेमतेम दोन-तीन किलोचा जीव, आणि हिमालय. त्या दिवशी आम्ही गोकाकचा धबधबा बघितला की नाही हे मला आठवत नाही. बघितला असणारच.

धुपदाळबद्दल आता विचार करते तेव्हा वाटतं, ते पाणी पक्ष्यांसाठी कुणी अडवलं नव्हतं. कालव्यांसाठी अडवलं, ऊस आणि जोंधळ्यासाठी अडवलं. पक्षी त्यात मागनं आले आणि राहिले. आमचं तळंही तसंच. कुण्या जुन्या माणसांनी बांध घातला तो भातासाठी आणि गुरांसाठी. पक्ष्यांचं तळं हे त्याचं दुसरं नाव, आणि ते पहिल्या नावाच्या आधारानं टिकलेलं.

पंधरा दिवसांनी भाचा टिळकवाडीला आमच्या घरी आला होता, जेवायला थांबला. मी भाकरी करत होते, तो ओट्याशेजारी उभा राहून पक्ष्यांच्या गणनेचे आकडे सांगत होता. यंदा थापट्ये किती, तलवार बदकं किती. त्याचं स्वप्न पट्टकादंब हंसांचं आहे. गदगजवळच्या मागडीच्या तळ्यावर ते हिवाळ्यात हजारोंनी येतात. ते तळं 2024 मधे रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळांच्या, यादीत गेलं. दिवसा पाण्यावर विसावा आणि शेतांत चरायला बाहेर. राजहंसगडाच्या पायथ्याला हंस उतरले तर, असं तो म्हणतो आणि त्याचे डोळे चमकतात. त्याला दुखवायचं माझ्या जिवावर आलं होतं, तरी मी विचारलं, "आज्जीच्या म्हशींचं काय केलंत?"

तो गप्प झाला. मग म्हणाला, "आत्या, तू पण तेच काय विचारूलीस? एकीला सोडलं की सगळ्यांना सोडावं लागतं."

हे त्याचं म्हणणं साफ चुकीचं नव्हतं. मी तव्यावरची भाकरी उलटली आणि त्याला राजस्थानातल्या भरतपूरचं सांगितलं, मी वाचलं होतं तेवढं. केवलादेवचं ते जगप्रसिद्ध पाणथळ, 1982 साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि त्याच वर्षी आत गुरं चारायला बंदी आली. आसपासच्या गावांतली माणसं पिढ्यान् पिढ्या तिथं म्हशी नेत होती. भांडण पेटलं, पोलिसांचा गोळीबार झाला, माणसं मेली. म्हशी बाहेर राहिल्या. आणि मग काही वर्षांत असं दिसलं, की पाण्यातलं गवत बेसुमार माजलं. म्हशी ते खाऊन, तुडवून आवरून ठेवत होत्या. त्या गेल्यावर गवतानं उघडं पाणी गिळलं, आणि बदकांना उतरायला जागा कमी पडू लागली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संशोधकांनी अनेक वर्षं तिथं राहून अभ्यास केला तेव्हा हे पुढं आलं. ज्यांना पक्ष्यांचे शत्रू समजून बाहेर काढलं त्या म्हशी त्या पाणथळाचं एक अंगच होत्या.

भाचा म्हणाला, "मला ठाऊक आहे ते." आणि थोड्या वेळानं, "आमच्यापाशी तेवढं मोठं तळं नाही आत्या. तिथं म्हशीही किती, पाणीही किती. हिशोब वेगळा." हेही खरंच. मी त्याला मग मंड्या जिल्ह्यातल्या कोक्करे बेळ्ळूरचं विचारलं, त्याला ते माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, तो तिथं जाऊन आला होता. गावातल्या चिंचांवर, घरांच्या अगदी डोक्यावर, चित्रबलाकांची आणि पेलिकनांची घरटी. 2007 मधे ते सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झालं. पक्ष्यांच्या विष्ठेनं चिंच हाताला लागत नाही म्हणून झाडाच्या मालकाला वनखात्याकडनं भरपाई मिळते, आणि तीच विष्ठा शेताला खत म्हणून जाते. तो सांगत होता की तिथं एका घराच्या अंगणात बाई तांदूळ निवडत बसलेली होती, वरनं मासा पडला, पिल्लाच्या तोंडातनं निसटलेला, तिनं तो उचलून मांजराला टाकला आणि परत निवडायला लागली. वर बघितलंसुद्धा नाही. "तसं पाहिजे," भाचा म्हणाला. "वर न बघण्याइतकं सवयीचं."

तो हे म्हणाला आणि आम्ही दोघंही एकदम थांबलो. मी भाकरी त्याच्या ताटात टाकली.

आमच्या बाजूला माणसांना कुंपणाची धास्ती वाटते तीही उगीच नाही. खानापूर तालुक्यात 2011 साली भीमगड अभयारण्य झालं. आतल्या वाड्यांमधल्या माणसांनी बाहेर यावं की राहावं, रस्ता मिळावा की पैसे घेऊन उठावं, याची चर्चा आम्ही वर्षानुवर्षं ऐकतो आहोत. पावसाळ्यात आजाऱ्याला खांद्यावरनं आणावं लागतं अशा बातम्या दरवर्षी येतात. ते जंगल अनमोल आहे. तिथल्या बारापेडे गुहांतल्या रॉटन वटवाघळासारखा जीव जगात फार थोड्या ठिकाणी सापडतो. तरी राखीव हा शब्द गावात पोचतो तेव्हा तो आधी पायाला जाणवतो. कुठनं जायचं आणि कुठनं नाही. आज्जीनं विचारलेला प्रश्न तिच्या एकटीचा नव्हता, आणि तिनं तो तक्रार म्हणूनही विचारला नव्हता. म्हशींना पाणी दाखवायला तिला उद्याची सोय करायची होती, म्हणून तिला आजच ठाऊक असायला हवं होतं.

मार्चच्या सुरुवातीला मी पुन्हा गेले. सकाळी लवकर, दादाच्या घरी चहा घेऊन सरळ बांधावर. तळ्यावर धुकं होतं, पाण्यापासनं हातभर वर तरंगणारं. त्यात टिबुकल्यांच्या आवाजाची ती थरथरती शीळ. उजेड वाढला तशी बेटावरच्या बाभळींची टोकं दिसली आणि त्यावर पंख पसरून वाळवत बसलेले पाणकावळे, सात-आठ, काळ्या कोटांसारखे. कमळपक्षी पानांवरनं चालत होता, त्या लांब बोटांनी, एक पान बुडायच्या आत दुसऱ्यावर. अडईंचा थवा शीळ घालत आला आणि उतरला. मी ज्या सन्नाट्यात एकदा उभी होते तीच ही जागा. माझे डोळे भरून आले, आणि भाच्याच्या त्या कंबरभर पाण्यातल्या रविवारांची किंमत मला तेव्हा खरी कळली.

फाटकाला कुलूप होतं. मी बांधावरनं चालत पलीकडच्या कडेला गेले, जिथं जुनी चिंच आहे आणि जिथं आम्ही लहानपणी म्हशींवर चढायचो. तिथं कुंपणाची खालची तार वाकलेली होती. मधली वर उचलून खांबाला काथ्यानं बांधलेली. खाली मातीत खुरांचे ताजे ठसे, पाणी साचलेले, आणि शेणाचा ओला वास. म्हशी आत होत्या. काठच्या लव्हाळ्यात पोटापर्यंत उभ्या राहून गवत ओरबाडत होत्या, तो चरर आवाज मला लांबनं ऐकू येत होता. त्यांच्या पायांभोवती पाणी गढूळ झालेलं, आणि त्या गढूळ पाण्यात दोन शेकाट्ये लाल पाय उचलून उचलून टाकत काहीतरी टिपत होते. काठावर धोबी शेपूट हलवत पळत होता. गायबगळे अर्थातच होते. आज्जी चिंचेखाली दगडावर बसली होती, डोक्यावर पदर, हातात काठी. मला बघून म्हणाली, "कधी आलीस? चहा झाला?" तारेबद्दल ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. तिनं काठीनं डावीकडं दाखवलं. बांधाच्या उतारावर, बऱ्याच उंच, टिटवी बसली होती. अंगाखालचं काही दिसत नव्हतं, पण ती उठत नव्हती. "वर बसलीय यंदा," आज्जी म्हणाली. म्हशींची वाट त्या जागेपासनं वळसा घालून गेलेली ठशांवरनं दिसत होती.

तेवढ्यात भाचा आला. एका हातात दुर्बीण, दुसऱ्या हातात पक्कड आणि तारेचं भेंडोळं. त्याला कुणीतरी सांगितलं असावं. तो तारेपाशी थांबला, वाकून काथ्याची गाठ बघितली, बोटानं चाचपली. मग म्हशींकडं बघितलं, बराच वेळ. आज्जी त्याच्याकडं बघत नव्हती, तळ्याकडं बघत होती. त्यानं भेंडोळं चिंचेच्या बुंध्याशी ठेवलं, पक्कड मागच्या खिशात घातली आणि पिशवीतनं वही काढली. दुर्बीण डोळ्यांना लावून तो मोजायला लागला, ओठ हलत होते. मी त्याच्या खांद्यावरनं वहीत डोकावले. अडई, शेकाट्या, धोबी, टिटवी. गायबगळे 14. तिथं पेन थांबलं. मग त्यानं खाली एक ओळ सोडली आणि लिहिलं, म्हशी 6.